भाऊ सौदीला असतो

रिसीव्हरच्या बोलायच्या टोकाला जी बारीक भोकं असतात, त्यांतली तीन बुजली होती. तोंडाची पावडर, ओठांची लाली, थोडा थुंकीचा ओलावा आणि वर्षानुवर्षांची अदब असं सगळं मिळून त्यांत एक गुलाबट कीट साचलं होतं, आणि ग्विरे दातकोरणीच्या टोकानं ते एकेका भोकातून उकरत होती — इतकी मन लावून, की समोर येऊन उभ्या राहिलेल्या, राजदूतांच्या हाताखालच्या व्हिटकॉमसाहेबांना दोनदा खाकरावं लागलं. माणूस तोंड धुतो, दात घासतो, आणि ज्याच्यात तोंड खुपसून उभा जन्म काढला ते मात्र... काय काय गेलं असेल या भोकांतून. किती नमस्कार. किती वेळा ‘आमचे साहेब आपल्या साहेबांची आठवण काढत होते’. साहेबांना आठवण करून द्यायचं कामही तिचंच, ती गोष्ट वेगळी.

“मिसेस प्यो, वेळ मिळाली?”

“प्रयत्न चालू आहे, साहेब.”

“आज मिळायला हवी. उद्या मिळाली तर...” वाक्याचा उरलेला भाग त्यांनी खिडकीकडे बघत गिळून टाकला. खिडकी बंद होती. जूनचा उकाडा आणि सगळ्या सोल शहराच्या खिडक्या बंद. बाहेर अश्रुधुराची पूड झाडांवर अशी बसलेली, की एखाद्या चिमणीनं फांदी हलवली तरी खालून जाणाऱ्याच्या डोळ्यांना धारा लागाव्यात. “आणि हो — फोटोवाले नकोत. त्यांचे नकोत, आपलेही नकोत.”

ते गेले. ग्विरेच्या हातातली दातकोरणी तशीच राहिली. फोटोवाले नकोत.

मित्रदेशाच्या दूतावासात शिष्टाचाराचं खातं सांभाळणाऱ्या बाईला राजकारण विचारत नाहीत. कोण कुठल्या खुर्चीवर बसणार, कुणाचा हात आधी हातात घ्यायचा, कुणाला मासा चालत नाही, हे तिला विचारतात. पण खुर्च्या मांडता मांडता माणसाला पुष्कळ समजतं. निळ्या कौलांच्या घरात राहणारा सेनापती, ज्यानं गणवेश उतरवून सूट चढवला त्याला सात वर्षं झाली, तो आता आपल्यामागे आपल्याच एका सेनापती मित्राला त्या घरात बसवायला निघाला होता. आणि ते जाहीर झालं त्या दिवसापासून सगळं शहर रस्त्यावर होतं. आधी विद्यार्थी. मग टाय लावलेले कारकून. परवा तर बाजारातल्या मासेवाल्यांनी पोलिसांवर बादल्या रिकाम्या केल्या. छावण्यांमधून सैन्य तयार बसलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते कधी निघणार, एवढंच ठाऊक नव्हतं. आणि मित्रदेश? मित्रदेश गेली कितीतरी वर्षं आपले सैनिक उत्तरेच्या सीमेवर उभे करून होता, सेनापतीच्या पाठीवर त्याचा हात होता, आणि आता तो हात तिथंच ठेवायचा, की काढायचा, की नुसता जरा सैल करायचा, हे एका पाकिटात लिहून आलं होतं. ते पाकीट राजदूतांनी सेनापतीच्या हाती स्वतः द्यायचं होतं. त्यासाठी त्याची वेळ हवी होती. आणि वेळ मागायची ती ग्विरेनं. पुन्हा ग्विरेनंच.

फोटोवाले नकोत, म्हणजे बोलणं कडू असणार. कानउघाडणी करायला जाणारा माणूस बरोबर फोटोवाला नेत नाही... तिच्या छातीत काहीतरी हललं, अगदी थोडं, दूध उतू जाण्याआधी साय हलते तसं. पण मग दुसरंही खरं होतं: ज्याच्याशी हातमिळवणी केलेली दिसणं लाजिरवाणं असतं, त्याच्याकडे जातानाही माणूस फोटोवाला नेत नाही.

*

होंगजाचा आवाज तिनं चेहऱ्याआधी ओळखला होता. निळ्या घरात मुख्य सचिवांच्या खोलीबाहेर ती बसायची. ग्विरे इकडच्या टोकाला, होंगजा तिकडच्या. दोन देशांची मैत्री म्हणजे प्रत्यक्षात या दोघी, असं पेंग अजोशी — दूतावासाचा म्हातारा ड्रायव्हर, ज्याला सगळे काकाच म्हणायचे — दारू प्याला की म्हणायचा. दोघी समोरासमोर फार थोड्या वेळा भेटल्या होत्या. पण हिवाळ्यात मुळ्याच्या किमचीत नासपती किती किसून घालायची, हे फोनवरच ठरायचं, आणि होंगजाचा दोंगह्वान लहानपणी बिछाना ओला करायचा हे सगळ्या जगात ग्विरेलाच ठाऊक होतं.

“ओन्नी,” होंगजा म्हणाली. वयानं मोठ्या बाईला बहीण म्हणायचंच, पण आज त्या शब्दामागे दमणूक होती. “मी तरी काय करू सांगा. ‘साहेबांचा दिवस भरलेला आहे’ असं सांग, म्हणालेत.”

“उद्या?”

“उद्याही भरलेला आहे.”

“परवा?”

“ओन्नी, तुम्हीच हे काम करता. भरलेला म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगू?”

दोघी हसल्या. तारेवर कुठेतरी बारीकसं टक् झालं. तिथं तिसरा कान असतो हे दोघींना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तो कान घरातल्या आजाऱ्यासारखा झाला होता, त्याला ऐकू जाणार हे गृहीत धरूनच घरात बोलतात तसा.

“दोंगह्वानचा फोन?”

“नाही.” होंगजा म्हणाली, “ढालीच्या पहिल्या रांगेत उभा केलाय म्हणे. उंच आहे ना. सैन्यात जायला निघाला तेव्हा मी म्हटलं होतं, सीमेवर थंडीत मरेल पोरगं. म्हणून पोलिसांत घालून इथंच ठेवला, आपल्याच गावात, तर आता... परवा कुणीतरी त्याच्या ढालीवर अंडं फोडलं, म्हणाला. चांगलं अंडं होतं म्हणे, ओन्नी. वाया गेलं.” मग तिनंच विचारलं, “तुमची मिरान?”

“अभ्यास करतेय.”

“बरं,” होंगजा म्हणाली. सबंध देशात त्या आठवड्यात एकही मूल अभ्यास करत नव्हतं. “आणि भाऊ? सौदीत उकाडा असेल आता.”

“असणारच,” ग्विरे म्हणाली.

*

भाऊ सौदीला असतो.

हे वाक्य तिनं सात वर्षांपूर्वी याच इमारतीत, पेंग अजोशीला, जिन्यावरून उतरता उतरता सांगितलं होतं. त्यानं सहज विचारलं होतं, तुमच्या गावी ग्वांगजूला काय गं झालं, घरचे बरे ना? आणि तिच्या तोंडून एखादी गोळी घशातून उतरावी तसं ते वाक्य उलट वर आलं होतं: घरचे बरे आहेत, भाऊ सौदीला गेलाय कामाला. तेव्हा अर्धा देश वाळवंटात रस्ते बांधायला गेलेला, त्यामुळे कुणाची भुवई हलली नाही. बंडात गेलेल्याची बहीण, असं एकदा नावापुढे लागलं की नोकरी जाते, पोरीचं शिक्षण जातं, मावसभावाच्या मुलापर्यंत सगळ्यांचं सगळं जातं. रक्ताचा गुन्हा रक्तातून खाली झिरपतो असं मानणारं ते राज्य. म्हणून सांगग्यू सौदीला गेला. आणि एकदा गेला म्हटल्यावर त्याला तिथं राहायला जागा लागली, जेवायला लागलं, मुकादम लागला. मुकादम वाईट होता, पण दुसऱ्या वर्षी बदलला. पेंग अजोशीनं “सोनं नाही पाठवत होय गं भाऊ? निदान खजूर तरी!” असा धोशा लावला, तेव्हा तिनं सोलमधल्याच इतेवॉनच्या गल्लीत एका दाढीवाल्याकडून खजूर आणून सगळ्या खात्याला वाटले, होंगजालाही पाठवले. सगळे म्हणाले, वा, ताजे आहेत. आता दर वर्षी वाटावे लागतात.

आणि खरं सांगायचं तर तो तिथं बरा होता. रंग रापला होता. अंगानं भरला होता. शिवणयंत्रं दुरुस्त करणारी त्याची ती लांब बोटं डांबरानं काळी झालेली तिला दिसायची — बसमध्ये, भांडी घासताना, सकाळी पहिला फोन करण्याआधी. रस्ता सरळ जायचा, क्षितिजापर्यंत, आणि रस्त्याच्या टोकाला तो उभा, डोक्याला ओला टॉवेल. एकदा तिच्या मनात आलं, याचं लग्न व्हायला हवं होतं. आणि ती तिथंच, भर बसमध्ये, स्वतःला दचकली.

कारण दुसरा सांगग्यूही होताच. सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्यांच्या गावानं हात जोडून नव्हे, रक्त सांडून सेनापतीच्या सैन्याला बाहेर काढलं होतं, आणि मग काही दिवस ते गाव आपलं आपण राहिलं होतं — बाया रस्त्यावर चुली मांडून मुठीएवढे भाताचे गोळे वळत होत्या, आणि कोणाचं दुकान फुटलं नाही. त्या दिवसांत कुणीतरी बातमी आणली की मित्रदेशाचं मोठं जहाज आपल्या समुद्रात आलंय. जहाज खरंच आलं होतं. गाव म्हणालं, आपल्याला वाचवायला आलं. शेवटच्या संध्याकाळी, सैन्य गावात परत शिरण्याआधी, सांगग्यू घरी आला, जेवला, भांड्याच्या तळाची करप खरवडून खाल्ली, आणि जाताना आईला म्हणाला — हे आईनं नंतर सांगितलं, ओठ न हलवता, गाडीत बसलेल्या माणसासारखं समोर बघत — म्हणाला, “काळजी करू नको. नूनाच्या साहेबांचं जहाज आलंय. नूना तिथंच आहे. तिला ठाऊक असणार.”

नूना. थोरली बहीण. तिला काय ठाऊक होतं? तिला एवढंच ठाऊक होतं, की त्या आठवड्याच्या सुरुवातीला तिनं एक वेळ ठरवून दिली होती. तेव्हाचे राजदूत, तेव्हा नुकता वर चढत असलेला सेनापती. चार खुर्च्या, सातूचा चहा, दोन फोटोवाले. आत काय बोलणं झालं ते तिला कधीच कळलं नाही. कदाचित हवापाण्याचंच झालं असेल. कदाचित राजदूत म्हणाले असतील, हात आवरा. आणि त्यानं मान डोलावली असेल, आणि ती मान कुणालाच वाचता आली नसेल. मी ठरवली होती ती वेळ. ‘सोयीची आहे ना?’ असं विचारलं होतं मी. आणि हसून. फोनवर हसताना दिसत नाही, पण ऐकू येतं, म्हणून हसायचं असतं. नव्या मुलींना मीच शिकवते.

प्रेत मिळालं नाही. आई अजून गावी राहते आणि रोज रात्री झाकणाच्या वाटीत गरम भात घालून ती वाटी गोधडीत गुंडाळून खालून तापवलेल्या जमिनीच्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात ठेवते — बाहेरगावी गेलेल्यासाठी ठेवतात तशी. मेलेल्यासाठी ठेवत नाहीत. मेलेल्याचं पान वेगळं मांडतात. या घरात ते कधी मांडलं नाही.

*

दुपारी ती कॅथीड्रलजवळच्या गल्लीत शेवया खायला गेली, म्हणजे मिरानला भेटायला गेली. पोरगी घरी आली नव्हती त्याला किती दिवस झाले, हे मोजणं आता तिनं सोडलं होतं. मिरान भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसली होती. डोळ्यांखाली टूथपेस्ट फासलेली, धुराला उतारा म्हणून. एवढं गोरं गोरं तोंड आणि त्यावर ते पट्टे. ग्विरेला हसू आलं आणि ते रडण्याच्या इतकं शेजारी होतं की तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

“आंघोळ केलीस कधी?”

“क्रांती झाल्यावर करीन.”

“तोवर लोक तुझ्याच वासानं पळतील. पोलिसांना धूर सोडायला नको.”

मिरान हसली. मग पुढे झुकली. “ओम्मा, तुझे लांबनाके साहेब काय म्हणतात?”

“हळू बोल.”

“एवढंच सांग. सैन्य निघणार का? आमच्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरी आहेत, शाळेतल्याही आहेत दोन. त्यांना घरी पाठवायचं की ठेवायचं, ते ठरवायचंय. बाकी मला काही नको. तुला ठाऊक असणार ना?”

तिला ठाऊक असणार. ग्विरेनं वाटीतला शिंपला एका बाजूला केला, मग दुसऱ्या. “मला माहीत नाही.”

“तू तिथं बसतेस दिवसभर.”

“मी खुर्च्या मांडते, मिरान.”

“हो, तेच तर.” मिराननं वाटी उचलून उरलेला रस्सा पिऊन टाकला, आणि वाटी खाली ठेवताना तळाला चिकटलेली शेवई चमच्यानं खरवडली — खर्र, खर्र. ग्विरेच्या पाठीतून काहीतरी वर चढत गेलं. “कुणाकुणासाठी मांडतेस ते तरी बघ एकदा. मामासाठी मांडलीस कधी? ते पण नाही. तो बिचारा तुझ्या सौदीत डांबर ओततोय ना.”

“गप्प बस.”

“बसते. चल, निघते. तोंड पूस, मघाशी गळ्यात पडले तेव्हा टूथपेस्ट लागली तुला.” तिनंच पुढे होऊन आईच्या गालावरचा डाग अंगठ्यानं पुसला. अंगठा खरखरीत झाला होता. “ओम्मा, रागावू नको. आणि रात्री खिडकी उघडी ठेवू नको, धूर येतो.”

गल्लीच्या तोंडाला ती दिसेनाशी झाली. शेजारच्या शाळेच्या मुली भिंतीवरून आपले जेवणाचे डबे आत कॅथीड्रलच्या आवारात ठाण मांडलेल्या विद्यार्थ्यांना देत होत्या, आणि पोलीस दुसरीकडे बघत होते. त्यांच्यातला एक उंच होता. ग्विरेनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. दोंगह्वान नव्हता. किंवा असेलही — त्याच्याबद्दल तिनं फक्त ऐकलेलं होतं.

*

परतली तेव्हा व्हिटकॉमसाहेब तिच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर टेकून उभे होते. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांखाली काळं आलेलं, टाय सुटलेला. उंच माणूस वाकला की जसा बिचारा दिसतो तसा दिसत होता.

“त्याला ढकलला तर म्हणतील, आम्ही ढकलला. धरला तर म्हणतील, आम्ही धरला,” ते म्हणाले. तिला म्हणाले की रिसीव्हरला, कळेना. “आणि उत्तरेकडचे बघत बसलेत, इथं कधी खांब हलतो. कुणाला सोडायचं हे ठरवणं अवघड नसतं, मिसेस प्यो. कुणाच्या हाती सोडायचं, ते... तुम्हाला काय वाटतं?”

इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सांगावं. माझा भाऊ... माझी मुलगी... पाकिटात काय आहे, साहेब? हात काढताय की ठेवताय?

“मला काय कळतं, साहेब,” ती हसून म्हणाली. तेच हसू. ऐकू येणारं.

ते मान हलवून गेले. आणि मग तिच्या लक्षात आलं, की या सगळ्यात आपल्या हातात एक गोष्ट आहे. आपण फोन केलाच नाही तर? प्रयत्न केला साहेब, नाही म्हणाले, संपलं. पाकीट बॅगेतच राहील. त्यात सेनापतीला आशीर्वाद असेल तर तो पोचणार नाही... पण त्यात सैन्याला आवर असेल तर तोही पोचणार नाही. वेळ मिळवली तर मिरानला मारणारी कदाचित मीच. नाही मिळवली तरी कदाचित मीच. राजधान्यांमधून मोठमोठी माणसं ज्याच्यावर डोकं धरून बसली होती, तेच हे, तिच्या टेबलावर, दातकोरणीशेजारी. त्यांना निदान आत काय लिहिलंय ते ठाऊक होतं.

तिनं नंबर फिरवला.

“ओन्नी, पुन्हा?”

“पुन्हा.”

“मी जेवणानंतर चिठ्ठी आत सरकवू शकते,” होंगजा हळूच म्हणाली. “मुख्य सचिव त्या वेळी पेंगुळलेले असतात, सही करून टाकतात. पण मग संध्याकाळी माझी मान जाईल की राहील, ते तुमच्या साहेबांच्या बोलण्यावर. म्हणून विचारते. गोड आहे की कडू?”

“मला माहीत नाही.”

“ओन्नी!”

“खरंच नाही माहीत.”

“नुसतं सदिच्छा भेट म्हणा हवं तर. मी तेच लिहीन. तुम्ही म्हणा फक्त.”

म्हणता आलं असतं. सात वर्षांपूर्वी तेच म्हटलं होतं. जीभ त्या शब्दाकडे वळलीही, जुन्या गल्लीत पाय आपोआप वळावा तशी...

“होंगजा,” ती म्हणाली, “माझा भाऊ सौदीला नाहीये.”

तारेवर टक् झालं. होंगजाचा श्वास येत होता, जात होता.

“...कधीपासून?”

“कधीच नव्हता.”

“तुमचं गाव...” होंगजा थांबली. गावाचं नाव तिनं घेतलं नाही. त्या घरातून ते नाव घेत नाहीत. “खजूर?”

“इतेवॉनचे.”

“चांगले होते,” होंगजा म्हणाली, आणि तिचा आवाज चिरला. “मी दोंगह्वानला दिले होते.”

मग तिकडून होंगजाचाच तो दुसरा, कचेरीतला आवाज आला, ओळखीचा, इस्त्री केलेला: “आपला निरोप मी आत कळवते. उत्तर येताच फोन करीन.”

उत्तर तासाभरात आलं. आजच, पाच वाजता. अर्धा तास. फोटोवाले नाहीत. पुढं एक शब्द नाही, ओन्नीसुद्धा नाही.

*

गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा ग्विरे नियमाप्रमाणे पायरीवर उभी होती. राजदूतांच्या मांडीवर चामड्याची बॅग, बॅगेवर दोन्ही हात. पेंग अजोशीनं काच खाली करून तिच्याकडे बघून डोळे मिचकावले — “परत येताना रस्ता बंद असेल, आमचं जेवण झाकून ठेवा गं!” — आणि गाडी वळली.

आता भीती येईल म्हणून ती टेबलाशी परत येऊन वाट बघत बसली. तिसऱ्या कानानं ऐकलं होतं. उद्या कुणीतरी येईल, एखादा अगदी अदबशीर माणूस, आणि म्हणेल, मिसेस प्यो, जरा चला. त्या भीतीला ती सात वर्षं ओळखत होती. तिच्यासाठी आत बसायला जागाही करून ठेवली होती. ती आली नाही. जागा रिकामी राहिली. सवयीनं ग्विरेनं डोळे मिटले आणि त्या सरळ रस्त्याकडे गेली, वाळवंटातल्या, जिथं ती रोज जाते...

रस्ता होता. वाळू होती. डांबराचं पिंप कलंडलेलं होतं. टोकाला कुणी नव्हतं.

ती जरा पुढे गेली. ओला टॉवेल कुठं दिसतो का पाहिलं. हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारण्याइतका तो रस्ता आता लांबही राहिला नव्हता. एका वाक्यानं... मी मारला त्याला. आज, जेवणानंतर, फोनवर. इतकी वर्षं जिवंत ठेवला, खायला घातलं, मुकादम बदलून दिला, आणि आज एका वेळेच्या बदल्यात दिला. तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. शिष्टाचार खात्यातल्या दोन मुलींनी माना वर केल्या आणि लगेच टाइपरायटरमध्ये खाली घातल्या.

बाहेर सहा वाजले असावेत, कारण निषेधाचे ठरलेले कर्णे सुरू झाले. आधी एक बस, मग टॅक्सी, मग सगळा रस्ता. सगळ्या शहरानं एकदम श्वास सोडावा तसं. समोरच्या बँकेच्या खिडक्यांतून टाय लावलेली माणसं कागदाच्या गुंडाळ्या खाली सोडत होती, पांढऱ्या, लांब, हेलकावे खात. अर्धा तास होऊन गेला होता. गाडी आली नव्हती. याचा अर्थ बोलणं लांबलं, किंवा रस्ता बंद आहे. याचा अर्थ काहीही.

ज्याच्या जाण्याचा दिवस ठाऊक नसतो त्याला नवव्या महिन्याच्या नवमीला जेवू घालतात. हे तिला असंच, कुणीतरी कानात सांगितल्यासारखं आठवलं. आईला सांगायला हवं. आई ओरडेल, किंवा ओरडणार नाही, गोधडी नुसती घडी करून ठेवेल. मासा कुठला आणायचा? त्याला मासा आवडायचा नाही. करप ठेवता येते का पानात? नसेल ठेवत, तरी ठेवीन मी. तिनं टेबलावरच्या वस्तू बाजूला सारल्या. हात आपोआपच मांडायला लागले, रिकाम्या लाकडावर, दिसत नसलेल्या वाट्या — जिवंत माणसाला भात डावीकडे आणि रस्सा उजवीकडे, मेलेल्याला उलटं. भात उजवीकडे. रस्सा डावीकडे. चमचा भातात उभा. दार उघडं. सांगग्यू, बस. इतक्या लोकांना बसवलं, तुलाच बसवायचं राहिलं.

आणि मांडणाऱ्याचे हात एका पानाशी थांबत नाहीत. ते त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. शेजारी दुसरं पान पडलं, मिरानचं. तिनं पाहिलं तेव्हा वाटी हातात होती, भाताची, आणि हात उजवीकडे निघाला होता.

नाही.

तिनं तो दुसऱ्या हातानं धरला. बाहेर कर्णे वाजत होते, कुठंतरी धप्प धप्प असे धुराचे गोळे फुटत होते, फोन वाजत होता की नव्हता तेही कळत नव्हतं, आणि प्यो ग्विरे आपल्या टेबलाशी दोन्ही हातांनी ती नसलेली वाटी डावीकडे धरून बसली होती — डावीकडे, डावीकडेच — सगळा जोर लावून, जणू पलीकडून कुणीतरी ती ओढत होतं.